जिन्यात ओतलेला पारा

औषधांच्या दुकानातून १० मिलिलिटरची सिरिंज आणा. सुई नको. दट्ट्या १० च्या खुणेपर्यंत ओढा, पुढच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या आत ढकलायला लागा. १० वरून ८ वर तो सहज जातो. ५ वर आणताना मनगटात जोर भरावा लागतो. अडीचवर आणताना बोटांची टोकं पांढरी पडतात. मग दट्ट्या सोडून द्या. तो टुणकन मागे येतो आणि पुन्हा जवळपास १० वर जाऊन थांबतो, कुणी आत बसून ढकलल्यासारखा.

आता त्याच सिरिंजमध्ये पाणी भरून हाच खेळ करा. दट्ट्या केसभरही हलत नाही. मग पुन्हा पाणी काढून टाका आणि ती ‘रिकामी’ सिरिंज हातात धरून क्षणभर बघा. आत काहीच दिसत नाही. पण जे दिसत नाही ते चेपतं, चेपलं की अडतं, आणि सोडलं की आपली जागा परत घेतं. लहानपणी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून आपण सगळ्यांनी हे अनुभवलेलं असतं. मला त्यातली खरी गंमत फार उशिरा कळली: हे अडणं हिशोबी आहे, आणि हिशोब अगदी सोपा आहे.

१० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या साधारण २ चौरस सेंटिमीटरचा असतो. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो पडतो. तो तुमच्या तळहातावर आहे, डोळ्यांच्या पापणीवर आहे आणि दट्ट्यावरही आहे, दोन्ही बाजूंनी. म्हणून दट्ट्या स्वस्थ असतो. आतल्या हवेची जागा निम्मी केली की तिचा दाब दुप्पट होतो. बाहेरची हवा त्यातला एक वाटा तुमच्या वतीने पेलते, दुसरा तुम्हाला पेलावा लागतो: सुमारे २ किलो. जागा पाव केली की दाब चौपट, आणि तुमच्या वाट्याला ६ किलो. १० वरून १ वर आणायचं म्हटलं तर दाब १० पट, म्हणजे जवळजवळ १८ किलो, आणि तोवर हवा अंगठ्याच्या फटीतून निसटलेली असते. जागेला दाबाने गुणलं की उत्तर दर वेळी तेच येतं. १० गुणिले १, ५ गुणिले २, अडीच गुणिले ४.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण तिच्यात खूप जण चुकतात. पंपावर आपण ‘३२ टाका’ म्हणतो तेव्हा तो आकडा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, एवढंच सांगतो. पंक्चर होऊन बसलेल्या टायरमध्ये काटा शून्य दाखवतो, पण आत निर्वात पोकळी नसते. बाहेरच्या हवेचा सुमारे १४.७ पाउंडांचा दाब तिथेही असतोच. तेव्हा ३२ भरलेल्या टायरमधला खरा दाब ४६.७. वरचा गुणाकार जुळवायचा असेल तर हा खरा दाबच धरावा लागतो, नाहीतर उत्तर हटकून चुकतं.

हा हिशोब पहिल्यांदा छापून आला १६६२ साली, इंग्लंडमध्ये, आणि आला तो एका आक्षेपाला उत्तर म्हणून. ती गोष्ट मला फार आवडते.

रॉबर्ट बॉइल हा आयर्लंडमधल्या एका बड्या जमीनदाराचा, अर्ल ऑफ कॉर्कचा मुलगा, त्याचं चौदावं अपत्य. जन्म १६२७ चा. पैशाची ददात नव्हती, आणि मिळालेली सगळी सवड त्याने प्रयोगांना दिली. जर्मनीत ऑटो फॉन गेरिके याने भांड्यातली हवा उपसून काढणारा पंप केल्याचं त्याच्या वाचनात आलं. बॉइलचा मदतनीस होता रॉबर्ट हूक, पुढे सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहून तिला नाव देणारा तोच हूक. हूकने त्याहून चांगला पंप बनवला. त्या पंपाच्या काचेच्या गोळ्यात बॉइलने काय काय ठेवून पाहिलं! तोंड बांधलेला, अर्धवट हवा असलेला कोकराचा मूत्राशय ठेवला, तर भोवतालची हवा उपसताच तो आपोआप फुगला. त्यावरून त्याने ठरवलं की हवेला स्प्रिंगसारखा ताठा आहे. हवा म्हणजे लोकरीचा पुंजका, दाबला की दबतो आणि सोडला की फुलतो, असं चित्र त्याने १६६० सालच्या पुस्तकात रंगवलं.

फ्रान्सिस्कस लायनस नावाच्या जेझुइट विद्वानाला हे पटलं नाही. हवेला थोडासा ताठा असेलही, पण पाऱ्याच्या भांड्यात उपड्या उभ्या केलेल्या, वरून बंद नळीत तेवढ्या बळावर ती २९ इंच उंचीचा पारा उचलून धरते हे अशक्य, असं तो म्हणाला. त्याच्या मते पाऱ्याच्या वर, नळीच्या रिकाम्या भागात, न दिसणारी दोरी असते आणि ती पाऱ्याला वर खेचून धरते. पुरावा? बोट. दोन्ही टोकं उघडी असलेली नळी पाऱ्याने भरा, वरच्या टोकावर बोट ठेवा आणि खालचं टोक पाऱ्याच्या भांड्यात सोडा. पारा थोडा उतरतो, आणि बोट आत ओढलं जातंय असं स्पष्ट जाणवतं. आता सांगा, ओढणारं कोणी नसेल तर ओढ कुठून आली?

हा आक्षेप वेडगळ नव्हता. तुमच्या सिरिंजमध्येही तो हजर आहे. दट्ट्या पुढच्या टोकापर्यंत ढकला, तोंडावर अंगठा ठेवा आणि दट्ट्या मागे खेचा. अंगठ्याची कातडी आत ओढली जाते. शरीर शपथेवर सांगतं की आतून कोणीतरी खेचतंय. खरं तर खेचणारं कोणी नसतं. आतला दाब कमी झालेला असतो आणि बाहेरची हवा अंगठ्याला मागून आत रेटत असते. पण हे अंगठ्याला कसं समजावणार? शब्दाला शब्द देऊन हा वाद शंभर वर्षंही चालला असता.

बॉइलने नळी मागवली. काचेची, लांबलचक, खाली वळवून तिचं आखूड टोक पुन्हा वर आणलेली, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी. आखूड टोक वरून बंद, लांब टोक उघडं. पहिली नळी फुटली. दुसरी इतकी लांब होती की खोलीत उभी राहीना, म्हणून ती जिन्यात, भरपूर उजेड असलेल्या जागी, दोऱ्यांनी टांगली. खाली लाकडी पेटी ठेवली, नळी पुन्हा फुटलीच तर महागाचा पारा वाया जाऊ नये म्हणून. आखूड टोकाला पाव-पाव इंचाच्या ४८ खुणा केलेली कागदाची पट्टी चिकटवली. एक जण जिन्यावर उभा राहून वरून थोडा थोडा पारा ओतणार, दुसरा खाली बसून बंद टोकातली हवा कोणत्या खुणेपर्यंत चेपली ते सांगणार. वरच्याने घाई केली तर सगळंच मुसळ केरात.

सुरुवातीला दोन्ही बाजूंचा पारा एका पातळीत. बंद टोकातली हवा ४८ खुणा व्यापते, आणि तिच्यावर बाहेरच्या हवेचाच दाब असतो, म्हणजे पाऱ्याच्या भाषेत २९ इंच आणि वर अष्टमांश. वरून पारा ओतत गेलं की लांब टोकातली पातळी चढते आणि आखूड टोकातली हवा आकसते. ४८ ची २४ झाली, जागा निम्मी, तेव्हा लांब टोकातला पारा सुमारे २९.७ इंच वर होता. त्यात बाहेरच्या हवेचे २९.१ मिळवा: एकूण सुमारे ५८.८. गणिताने यायला हवे होते ५८.२५. मग पारा आणखी चढवत चढवत हवा १२ खुणांवर आणली, मूळच्या चौथ्या हिश्श्यावर. आता लांब टोकात सुमारे ८८.४ इंच पारा उभा होता, माणसाच्या डोक्याच्याही वर. एकूण दाब सुमारे ११७.६, गणिताने ११६.५. शंभरात एकाहूनही कमी चूक, आणि तीसुद्धा हाताने फुगवलेल्या काचेच्या, आतून कुठे जाड कुठे बारीक अशा नळीत.

लायनस म्हणाला होता, २९ इंच उचलणंही हवेला झेपणार नाही. इथे चिमूटभर हवा त्याच्या चौपट ओझं पेलून उभी होती, आणि वर ओढणारी कोणतीही दोरी नव्हती. आणखी एका नळीत बॉइलने उलटा प्रयोग केला. हवेला चेपण्याऐवजी मोकळी सोडत सोडत ३२ पट पसरवलं. आकडे तिथेही जुळत गेले.

बॉइलने आपले आकडे आणि गणिताने यायला हवेत ते आकडे शेजारी शेजारी छापले. तफावत झाकली नाही. आणि जागा आणि दाब यांच्या व्यस्त प्रमाणाची कल्पना रिचर्ड टाउनली या गृहस्थाची, हेही त्याने लिहून ठेवलं. टाउनली आणि त्याचा वैद्य मित्र हेन्री पॉवर या दोघांनी २७ एप्रिल १६६१ रोजी लँकेशरमधल्या पेंडल हिल या टेकडीवर नळ्या आणि पारा वाहून नेला होता. वर गेल्यावर कोंडलेली हवा किती फुगते, खाली आल्यावर किती आकसते, ते त्यांनी मोजलं होतं. नियमाला नाव मात्र बॉइलचं लागलं. फ्रान्समध्ये तो मारिऑतचा नियम म्हणून शिकवतात, कारण एद्म मारिऑत यानेही काही वर्षांनी तो स्वतंत्रपणे मांडला.

हे सगळं मोजून झालं, तरी एका प्रश्नाला बॉइलने हात घातला नव्हता: हवेला ताठा येतो कुठून? लोकरीच्या पुंजक्याची उपमा सुंदर, पण लोकर कितीही पसरत नाही. हवा पसरते. दारं-खिडक्या बंद करून खोलीतली हवा पंपाने उपसत गेलात तर उरलेली हवा कोपऱ्यात गोळा होऊन बसत नाही, ती पुन्हा सगळी खोली भरते.

उत्तर आलं १७३८ साली, डॅनिएल बर्नुली या स्विस गणितज्ञाकडून. हवा म्हणजे वेडेवाकडे धावणारे असंख्य सूक्ष्म कण, आणि दाब म्हणजे त्यांचे भिंतीवर बसणारे धक्के. पावसाळ्यात कोकणातल्या पत्र्याच्या घरात झोपला असाल तर हे चटकन पटेल. पहिले चार थेंब टपटप वेगळे ऐकू येतात. सर जोरात आली की थेंब हरवतात आणि एकसंध घोष उरतो. दट्ट्यावरचा दाब हा तसाच घोष आहे. खोलीतल्या हवेचा रेणू सेकंदाला साडेचारशे ते पाचशे मीटर वेगाने धावतो. आणि सिरिंजच्या एका मिलिलिटरमध्ये असे रेणू किती? आपली जुनी मोजणी एकं-दहं पासून चढत परार्धावर संपते. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. एका मिलिलिटरमध्ये सुमारे अडीचशे परार्ध रेणू असतात. मोजणी जिथे संपते तिथून पुढे अडीचशे पट, आणि तेही करंगळीच्या पेराएवढ्या जागेत.

आता जागा निम्मी करा. रेणू तेवढेच, वेगही तोच, पण गर्दी दुप्पट. दट्ट्याच्या प्रत्येक ठिपक्यावर एका क्षणात दुप्पट धक्के बसतात. दाब दुप्पट. बस, एवढंच. बॉइलच्या जिन्यातला सगळा तक्ता या दोन वाक्यांत मावतो. हवा चेपते आणि पाणी चेपत नाही, त्याचं कारणही इथेच आहे: पाण्याचे रेणू एकमेकांना खेटून असतात, तर हवेत रेणूंनी स्वतः अडवलेली जागा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. बाकी सगळं मोकळं. आपण दट्ट्या दाबतो तेव्हा रेणूंना चिरडत नाही, त्यांच्यामधली पोकळी कमी करतो.

‘वेगही तोच’ ही अट मात्र मोलाची आहे. वेग तोच म्हणजे तापमान तेच. बॉइलने नळीवर ओलं फडकं लावून आणि मेणबत्तीची ज्योत धरूनही पाहिलं होतं, थंडी-उष्णतेने हवा आकसते-पसरते हे त्याला दिसलं होतं. सायकलला जोरजोरात हवा मारली की पंपाची नळी तापते ती याचमुळे: वेगाने आत येणाऱ्या दट्ट्यावर आदळून रेणू जास्त वेगाने परततात. डिझेलच्या इंजिनात तर हवा निमिषात सोळा-वीस पट चेपली जाते. बॉइलच्या हिशोबाने दाब सोळा-वीस पट व्हावा, पण तापल्यामुळे तो त्याच्या दुपटीच्याही वर जातो, आणि ५०० अंशांपुढे गेलेल्या त्या हवेत फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. म्हणून सिरिंज सावकाश दाबावी, उष्णतेला बाहेर निघून जायला वेळ द्यावा. मग गुणाकार जुळतो.

नियम कुठे पाळला जातो हे जितकं सुंदर, तितकंच कुठे पाळला जात नाही हेही. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर घ्या. अर्धा गॅस संपला तरी आतला दाब अर्धा होत नाही, ज्योत तशीच निळी आणि उंच राहते. म्हणून तर आपण तो हलवून बघतो, किंवा बाहेरून ओलं फडकं फिरवून कोणती बाजू आधी सुकते ते पाहतो. आत बहुतेक गॅस द्रवाच्या रूपात असतो. वरचा वायू वापरला गेला की खालचा द्रव उकळून तेवढाच वायू पुन्हा तयार होतो, आणि दाब ठरतो तो फक्त तापमानावर. सीएनजीच्या गाडीचं तसं नाही. तिथे सगळा वायूच असतो, २०० बार दाबाने कोंबलेला. वापरत जाल तसा काटा उतरत जातो. ६० लिटरच्या टाकीत बॉइलच्या हिशोबाने २०० पट, म्हणजे १२,००० लिटर वायू मावावा, वजनाने सुमारे ८ किलो. प्रत्यक्षात त्याहून किलोभर जास्तच मावतो! इतकी दाटी झाली की मिथेनचे रेणू एकमेकांना किंचित ओढून घ्यायला लागतात आणि भिंतीवरचे धक्के सौम्य होतात. दाब याहून बराच वाढवला की गोष्ट उलटते. रेणूंची स्वतःची जाडी आड येते आणि वायू बॉइलच्या हिशोबाला नकार देऊन ताठ होतो. या दोन्ही दुरुस्त्या १८७३ साली योहानेस फान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने एका समीकरणात बसवल्या. आणि एवढे प्रचंड दाब मोजण्यासाठी फ्रान्सच्या लुई कायते याने १८९१ साली काय केलं, तर आयफेल टॉवरला ३०० मीटर उंचीची पोलादी नळी लावून तिच्यात पारा चढवला. पाऱ्याचा तो स्तंभ ४०० वातावरणांइतका दाब मोजत असे. जिन्यातून निघालेला प्रयोग आयफेलच्या माथ्यावर जाऊन पोचला, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो होतो.

मुंबईत घेतलेलं वेफर्सचं पाकीट पसरणी घाट चढून महाबळेश्वरला नेलं की टम्म फुगतं. तिथे, साधारण १,३५० मीटर उंचीवर, बाहेरचा दाब मुंबईच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि आतल्या वायूला सहाव्या हिश्श्याने जास्त जागा हवी असते. कानांना दडे बसतात तेही यामुळेच. पण यासाठी घाट चढायचीही गरज नाही. हे वाक्य वाचताना तुम्ही श्वास घेतलात. छातीखालचं श्वासपटल खाली सरकलं, बरगड्या किंचित उघडल्या, फुप्फुसांची जागा वाढली, आतला दाब कमी झाला. किती कमी? वातावरणाच्या दाबाच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यावर अर्धा लिटर हवा आत आली. आपण हवा ओढून घेत नाही. आपण फक्त जागा करतो, बाहेरची हवा रेटून आत येते. लायनसची दोरी इथेही नाही.

या नियमाची जरब समुद्रात कळते. मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी पाण्यात उतरणाऱ्याला पहिला आणि सर्वांत कडक नियम शिकवतात तो हा, की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट. वरून छातीभर श्वास घेऊन बुडी मारणाऱ्या पाणबुड्याची फुप्फुसं खाली जाताना आकसतात आणि वर येताना पूर्वीएवढीच होतात, त्याला धोका दुसरा. पण स्कूबाची नळी तोंडात धरणारा माणूस १० मीटर खोल, दुप्पट दाबाची हवा छातीभर घेतो. ती रोखून तो वर आला तर ६ लिटरच्या फुप्फुसात १२ लिटर हवा जागा मागते. छाती फुलायला मर्यादा असते. आणि सर्वांत मोठा बदल खोल पाण्यात होत नाही. ४० मीटरवरून ३० वर येताना हवा चौथ्या हिश्श्याने पसरते, पण शेवटच्या १० मीटरमध्ये ती दुप्पट होते. भरलेल्या छातीने श्वास कोंडून अगदी मीटर-सव्वा मीटर वर आल्यानेही फुप्फुसं फाटू शकतात. बॉइलच्या तक्त्यातले ४८ आणि २४ हे आकडे इथे माणसाच्या छातीत असतात.

म्हणून पाण्याखाली सोडलेला प्रत्येक श्वास बुडबुडे होऊन वर जाऊ द्यायचा. तळाशी वाळूवर गुडघे टेकून मान वर केली की ते दिसतात: चंदेरी, थरथरते, वर जाता जाता रुंदावणारे. १० मीटरवर निघालेला आवळ्याएवढा बुडबुडा वाटेत फुटला नाही, तर पृष्ठभागाशी पोचताना त्याचं आकारमान दुप्पट झालेलं असतं. जाडी मात्र जेमतेम पावपट वाढते, म्हणजे आवळ्याचं लिंबू. तो वर जाऊन फुटतो आणि त्यातली हवा मालवणच्या वाऱ्यात मिसळते, एका वातावरणाच्या दाबाने, जेवढी जागा मिळेल तेवढी घेत.